मी, महागाचा शॉकअप

मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. एका पांढऱ्या मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकाशी सात वर्षं उभा राहून रस्त्याचे हादरे झेललेला शॉकअप बोलतोय मी. कागदोपत्री माझं नाव बरंच लांबलचक आहे, पण गॅरेजात त्या नावानं मला कुणी हाक मारलेली आठवत नाही.

शॉकअप तर प्रत्येक गाडीला असतात, मग मी कोण मोठा लागून गेलो? तर साधा शॉकअप जसा जन्मतो तसाच शेवटपर्यंत राहतो. मऊ तर मऊ, कडक तर कडक. माझ्या पोटात मात्र तेलाच्या वाटेवर एक बारीकशी झडप आहे आणि तिला वायर जोडलेली आहे. चाकाजवळच्या सेन्सरला खड्डा जाणवला की तो गाडीतल्या छोट्या संगणकाला सांगतो, संगणक मला सांगतो आणि पापणी लवायच्या आत मी मऊ पडतो. वळण आलं की कडक होतो. म्हणजे गाडी चालू आहे तोवर सतत कान टवकारून बसायचं. आता काय येईल, आता काय येईल. ज्याला बनवलंच असं, तो भित्रा होणार नाही तर काय!

कारखान्यात तपासणीला एक जाड चष्म्याच्या बाई होत्या. यंत्राच्या आकड्यांवर त्यांचा फारसा विश्वास नसावा. यंत्र आम्हाला दाबत-ओढत असताना त्या वाकून कान लावायच्या. माझ्या आधीच्याला त्यांनी बाजूला काढलं. "हा कुरकुरतोय," एवढंच म्हणाल्या आणि तो लाल पेटीत गेला. माझी पाळी आली तेव्हा मी अगदी ताठ उभा होतो असं सांगायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मी लटलटत होतो. "ठीक," बाई म्हणाल्या आणि चहाला गेल्या.

माझा पहिला मालक एक कंत्राटदार होता. त्यानं आम्हा चौघा भावांसाठी जास्तीचे पैसे मोजले ते चार लोकांत सांगता यावं म्हणून. गाडीत एक बटण होतं. ते दाबलं की आम्ही चौघंही कडक व्हायचो आणि गाडी शर्यतीची असल्यासारखी वळायची. त्यानं ते पहिल्या दिवशी दाबलं आणि पाच वर्षं तसंच ठेवलं. मऊ व्हायची कला माझ्या अंगात होती, पण ती कुणी मागितलीच नाही. त्याची बायको शेजारच्या सीटवर हँडल घट्ट धरून बसायची. "अहो, हळू!" ती म्हणायची. मीही खालून तेच म्हणत होतो. आमचं दोघांचंही त्यानं ऐकलं नाही. पुढे त्याला दुसरी, अधिक मोठी गाडी आवडली आणि आमची रवानगी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे झाली.

तिथे चार महिने धूळ खाल्ली. एके दिवशी व्यापारी मेकॅनिकला म्हणाला, "ही या आठवड्यात गेली नाही, तर हे चार शॉकअप काढून वेगळे विकून टाक आणि साधे बसव. यांना काढलं तरी गिऱ्हाइकाला कुठे कळणार आहे!" त्या दिवसापासून फाटकाशी कुणाचंही पाऊल वाजलं की मी मेकॅनिकच्या पान्याचा आवाज येतोय का ते ऐकत राहायचो.

आणि शनिवारी सकाळी ती तिघं आली. म्हणजे दोघी आणि एक मामा. मुलगी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. आई निवृत्त सुईण. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, स्वतःचं गॅरेज चालवणारा. आईची हाडं ठिसूळ झाली होती. नुसतं वाकून बादली उचलताना पाठीचा एक मणका चेपला होता. आठवड्यातून दोनदा इस्पितळात उपचारांना जायचं आणि टॅक्सीचा प्रत्येक हादरा थेट त्या मणक्यात.

व्यापाऱ्याकडे आमच्यासारखीच आणखी एक पांढरी गाडी होती. रंग तोच, इंजिन तेच, फक्त शॉकअप साधे. आणि किंमत बरीच कमी.

"ह्या महागाच्या शॉकअपनी खरंच फरक पडतो का?" मुलीनं विचारलं.

"मॅडम, ढगावरून गेल्यासारखं वाटेल!" व्यापारी म्हणाला.

"काही ढग-बिग नाही," मामा म्हणाले. "आणि हे गेले ना, की नवे घेताना डोळे पांढरे होतील. साधी घे."

मुलगी प्रयोगशाळेतली. ती ना व्यापाऱ्याचं ऐकणार, ना मामाचं. तिनं पर्समधून रुमाल काढून आईच्या डोळ्यांवर बांधला. "दोन्ही गाड्यांतून त्याच रस्त्यानं तीन-तीन फेऱ्या. कुठली गाडी आहे ते मी सांगणार नाही. जितकं दुखेल तितकी बोटं वर कर. आणि तुम्ही," ती व्यापाऱ्याला म्हणाली, "मागे बसा आणि तोंड उघडू नका."

"या वयात आंधळी कोशिंबीर," आई म्हणाली. "चल."

कुठली गाडी आधी न्यायची ते तिनं नाणं उडवून ठरवलं. कडक करायचं बटण तिनं पहिल्यांदा बंद केलं आणि पाच वर्षांनी माझ्या अंगातला ताठा उतरला. पण भीती? ती दुप्पट झाली. कंत्राटदाराच्या वेळी मी फार तर गाडी सांभाळत होतो. आज माझ्या बरोब्बर वर एक चेपलेला मणका बसला होता.

सपाट रस्त्यावर आईनं दोन बोटं वर केली. मुलीनं ते वहीत लिहिलं; साध्या गाडीसमोरही दोनच होती. एका फेरीत तर माझ्या वाट्याला तीन बोटं आली! मागे व्यापारी खोकला. स्पीडब्रेकरवर दोन्ही गाड्यांना सारखीच चार. मी मनातून पार खचलो. ज्याच्यासाठी एवढे पैसे मागतात तो मी, आणि डोळे मिटलेल्या बाईला माझा पत्ताही लागत नव्हता.

मग आला इस्पितळाकडे जाणारा रस्ता. पाइप टाकायला खणून दगड-खडीनं कसाबसा बुजवलेला. झडप उघड, मिट, उघड, मिट. आत्ता चुकलो तर? ह्या दगडाला चुकलो तर? मला दुसरा विचारच नव्हता. रस्ता संपला. आईनं चार बोटं वर केली. पुढच्या फेऱ्यांत चार आणि पाच. साध्या गाडीत याच रस्त्यावर तिनं सात, सात आणि आठ दाखवली होती.

मुलीनं वही मिटली. "म्हणजे सगळीकडे नाही. फक्त खराब रस्त्यावर फरक आहे."

"तेवढ्यासाठी एवढे पैसे?" मामा म्हणाले. "ताई, तूच सांग."

आईनं रुमाल सोडला. "अरे, सपाट रस्त्यासाठी मला गाडी कशाला हवी? तिथे मी काठी टेकत चालत जाईन. मला त्या खड्ड्यांतूनच जायचंय ना? मग ही घ्या. आणि ह्या भल्या माणसाला आता बोलू द्या, मघापासून घुसमटलाय."

अशी माझी दोन वर्षं सुरू झाली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात घाबरलेली आणि, काय सांगू, सगळ्यात चांगली. मंगळवार आणि शुक्रवार. मला तो रस्ता पाठ झाला. कुठला दगड वर आलाय, कुठलं झाकण हलतं. तरी दर वेळी नव्यानं धास्ती. आईचा श्वास मला सीटमधून जाणवायचा. ती बोलत असली की बरं असायचं. ती बोलायची थांबली की समजायचं, दुखतंय. आणि ती बोलायची खूप. कुठल्या बाळाचं डोकं कसं अडकलं होतं, कुठल्या बाळाचा बाप दारातच चक्कर येऊन पडला होता. मुलगी हसायची, पण स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरायची. मागची गाडी हॉर्न वाजवून वाजवून थकायची, तरी हिचा वेग वाढायचा नाही.

मग मला गळती लागली. कंत्राटदाराच्या काळातला मार कुठेतरी मुरला होता. वरच्या रबरी सीलमधून तेल झिरपायला लागलं. आधी ओल, मग ओघळ. मला कळत होतं की माझा जोर कमी होतोय, आणि सांगायला तोंड नव्हतं. अखेर एका सोमवारी गाडीतला इशाऱ्याचा पिवळा दिवा लागला.

मुलीनं लगेच मामांना फोन केला. मामांना गुरुवारशिवाय वेळ नव्हता.

"मग उद्या टॅक्सीनं जाऊ," ती म्हणाली.

"त्या टॅक्सीपेक्षा आपली लंगडी गाडी बरी," आई म्हणाली. "नुसता दिवाच लागलाय, आग नाही लागली. आणि आता तो रस्ताही झालाय ना चांगला!"

ते खरं होतं. पंधरा दिवसांपूर्वीच त्या रस्त्यावर नवं डांबर पडलं होतं. काळाकुळकुळीत, गुळगुळीत. मंगळवारी आम्ही त्यावरून निघालो आणि क्षणभर मलाही वाटलं, निभावेल.

तेवढ्यात समोर एक सायकलवाला आडवा आला. मुलीनं स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. नवं डांबर कडेला संपत होतं आणि तिथे जमीन वीतभर खाली होती. माझं चाक त्या कडेवरून घसरलं. सेन्सरनं सांगितलं, संगणकानं सांगितलं, झडपेनंही आपलं काम केलं. पण ज्या तेलानं मला तोलायचं ते तेलच नव्हतं. मी थेट तळाला आपटलो. लोखंडावर लोखंड. तो आवाज अजून माझ्या अंगात आहे.

आई बोलायची थांबली.

"आई?" मुलगी म्हणाली. "आई! बोल ना काहीतरी!"

"सायकलवाला... ठीक आहे का?" फार वेळानं आवाज आला. मधेच तुटलेला.

इस्पितळाच्या दारात तिला स्ट्रेचरवरून आत नेलं. मुलगी पळत मागे गेली. गाडीचं दारसुद्धा उघडंच राहिलं, ते रखवालदारानं लावलं. मी तिथे उन्हात उभा. माझ्याखाली तेलाचा डाग वाढत होता. चाकांचा आवाज आला की वाटायचं, तिला बाहेर आणतायत. कशी आणतायत? झोपवून? तोंडावर पांघरूण घालून? मी हजारो दगडांना भ्यालो असेन, पण त्या तीन तासांसारखा कधीच भ्यालो नाही. कारण या वेळी पुढे काही यायचं नव्हतं. जे व्हायचं ते माझ्याकडून होऊन गेलं होतं.

मग काठीची टकटक आली. सावकाश, पण तिच्याच पायांनी.

"मुका मार आहे," आई सांगत होती. डॉक्टरांनी मुलीलाही तेच सांगितलं असणार, तरी ती पुन्हा पुन्हा सांगत होती. "मोडलं काहीच नाही. उलट हाड आधीपेक्षा भरलंय म्हणाले. तू रडायची थांब आता, नाहीतर गाडी मलाच चालवावी लागेल."

गुरुवारी मामांच्या गॅरेजात गाडी वर उचलली. मामांनी माझ्यावरचा तेलाचा ओघळ बोटानं पुसून बघितला. "हा पार संपलाय. बाकीचेही त्याच वयाचे. चारही बदलू."

"असेच घाल," मुलगी म्हणाली. "नवे. कितीही पडू देत."

मामांनी वाद घातला नाही. मंगळवारनंतर त्यांचाही धीर सुटला होता. "घालतो," ते म्हणाले. "मीच तेव्हा नको म्हणत होतो. आता म्हणवत नाही."

"मला विचारा की कुणीतरी," आई स्टुलावरून म्हणाली. "पाठ माझी आहे. परवा मला लागलं ते शॉकअप साधा होता म्हणून नाही, हा फुटका होता म्हणून. धडधाकट साधा असता तरी एवढं लागलं नसतं. रस्ता झाला, हाड भरलं, इस्पितळ आता महिन्यातून एकदाच म्हणालेत डॉक्टर. साधे घाला."

"आणि पुन्हा काही झालं तर?" मुलीचा आवाज थरथरला. त्या आवाजावरून मी तिला ओळखलं. ती माझ्याच जातीची होती.

आईनं तिचा हात हातात घेतला. "अगं, तेव्हा गरज होती, घेतले. आता गरज नाही. तुझी भीती जावी म्हणून घेशील, तर ती जायची नाही, नुसता खर्च होईल."

"मग तेव्हाचे पैसे वाया गेले म्हणायचे?"

"वाया? दोन वर्षं त्या खड्ड्यांतून मी बडबड करत गेले. ते काय फुकट झालं?"

मुलीनं मामांकडे बघून मान डोलावली.

आज सकाळी मला काढलं. मी आता जमिनीवर आडवा आहे, तीन भावांशेजारी. आमच्या पोटात दाबलेला वायू असतो. भंगारात द्यायच्या आधी भोक पाडून तो सोडावा लागतो. मामांनी खडूनं माझ्यावर फुली मारून ठेवली आहे. मी घाबरलोय. नाही कशाला म्हणू?

तुम्ही गाडी घ्यायला निघालात तर माझी एवढीच विनवणी आहे. आमच्याबद्दल दुकानात विचारू नका. गाडीत जो बसणार आहे त्याला बसवा, ज्या रस्त्यानं जायचंय त्याच रस्त्यानं न्या, आणि मग ठरवा. नको वाटलो तर खुशाल नको म्हणा. पण घेतलंत, तर आमच्या अंगावर तेलाचा ओघळ दिसतोय का ते अधूनमधून वाकून बघा. आम्हाला सांगता येत नाही.

गाडी निघाली. तिच्या पुढच्या डाव्या चाकाशी माझ्या जागी एक साधा, ठोंब्या चेहऱ्याचा शॉकअप बसला आहे. आई वर बसली आहे आणि मामांच्या गॅरेजातले कप किती घाणेरडे आहेत ते मुलीला सांगते आहे. फाटकात लोखंडी पट्टी आहे, चांगली चार बोटं उंच. मी इथून काहीच करू शकत नाही. चाक पट्टीवर चढलं, पलीकडे धप्पकन उतरलं.

"...आणि त्या बशीला तर कानच नव्हता," आई म्हणाली.

"आई, बशीला कान नसतोच," मुलगी म्हणाली, आणि गाडी रस्त्याला लागली.