बोलायचा हात

“अरे खोकेवाल्या, परदेशात राहणाऱ्या माणसाने डेस्कटॉप घ्यायचा असतो का? उद्या परवाना संपला, चंबूगबाळं आवरा म्हणाले, तर हा ठोकळा काय डोक्यावर घेऊन जाणार?”

रंगारी संगणकांच्या दुकानाच्या मधोमध उभा राहून हे बोलत होता. एकाच भाषेची माणसं परक्या देशात एका खोलीत राहिली की एकमेकांचे मालक होऊन बसतात, तसा तो झाला होता. खोकेवाला मात्र ऐकत नव्हता. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यातला हा साधा कामगार भिंतीवर मांडलेल्या पडद्यांकडे आ वासून बघत होता. सगळ्यांवर एकच धबधबा कोसळत होता. पाण्याचे तुषार सुटे सुटे दिसत होते. इतकं स्पष्ट तर डोळ्यांनीही दिसत नाही, असं त्याला वाटलं.

दुकानातल्या मुलीने अदबीने विचारलं, “कशासाठी हवाय? काम, खेळ, की सिनेमे बघायला?”

“आईशी बोलायला,” तो म्हणाला.

“मग फोन आहे की तुमच्याकडे.”

 याचं उत्तर द्यायचं तर अख्खं घर सांगावं लागलं असतं.

त्याची आई जन्मापासून बहिरी. बाबा, ताई आणि तो, तिघांनाही ऐकू येतं. पण घराचा एक नेम होता. आईच्या देखत कुणी तोंडाने बोलायचं नाही. आपसातलं असो, भांडण असो, बोलायचं ते हातांनीच. घरातलं एकही बोलणं तिच्यापासून चोरून राहता कामा नये, असं बाबांनी लग्नाच्या वर्षीच ठरवून टाकलं होतं. त्या खुणा कुठल्या शाळेतल्या नव्हत्या, घरीच घडल्या होत्या. हनुवटीला करंगळी लावली की काळजी. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकमेकांना चिकटवून हलवलं की ताई. पाहुणे आले की चारही माणसं हात उडवत जेवताना बघून त्यांचा घास हातातच राहायचा. आईचे हात तर इतके सरसर चालायचे, की ती गोष्ट सांगायला बसली म्हणजे गल्लीतली कान असलेली माणसंही दारात येऊन उभी राहायची.

आणि अशा घरातल्या पोराची उजव्या हाताची तीच दोन बोटं खोक्यांच्या यंत्राने नेली होती. करंगळी आणि शेजारचं. कारखान्याने औषधपाणी केलं, यंत्रावरून काढून गोदामात हलकं काम दिलं. जखम भरली. पण घरी त्याने कळू दिलं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या आईला बोटं गेली असं सांगितलं तर ती बोटांसाठी रडेल. त्याच्या आईच्या लेखी तर पोराची जीभच अर्धी कापली गेली होती. तिला हे कसं सांगायचं? आणि सांगायचं ते तरी कुठल्या हाताने?

म्हणून तो फोन उजव्या हातात धरायचा. कॅमेऱ्याला धरणारा हात दिसत नाही. डाव्या हाताने बोलायचा, तोतरं तोतरं. एका हातात फोन असला की माणूस इतकंच बोलणार, असं आई समजत असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. पण हल्ली तिने धोशा लावला होता. संगणक घे, मला फोन पुरत नाही. ताईने तिच्याकडचा जुना संगणक आईबाबांच्या खोलीत मांडूनही दिला होता. आता त्याच्याच बाजूने उशीर होता.

लॅपटॉप की डेस्कटॉप, या घोळात त्याने बरेच दिवस छान ढकलले होते. आज रंगाऱ्याने सुट्टी गाठून त्याला जवळजवळ ओढतच आणलं होतं.

तेवढ्यात फोन थरथरला. आईच. तिच्या घरी सकाळचं ऊन आलं होतं.

“दुकानात आहेस?” ती हाताने म्हणाली. “दाखव.”

त्याने फोन फिरवून लॅपटॉप दाखवला.

“याचा डोळा कुठे आहे?”

त्याने पडद्याच्या वरच्या कडेवरचा ठिपका दाखवला. आईने नाक मुरडलं.

“याच्या पुढ्यात बसलास की नुसतं थोबाड दिसणार. लांब बसलास की मी तुला एवढीशी दिसणार. मोठा घे. त्याचा डोळा सुटा मिळतो, ताई सांगत होती. वर, लांब बसव.”

“खोली लहान आहे, आई. इथे माझं काही कायमचं नाही. न्यायला आणायला लॅपटॉपच बरा.”

“मला तू कमरेपर्यंत हवास,” आई म्हणाली. “दोन्ही हातांसकट.”

 रंगाऱ्याला खुणा येत नव्हत्या, पण मित्राचा चेहरा वाचता येत होता. तो कानाशी लागला, “म्हणून सांगतोय, लॅपटॉप घे. नको तेव्हा झाकण लाव, कॅमेरा बिघडलाय म्हण. ठोकळ्यापुढे बसलास की मेलास.”

दुकानातली मुलगी इतका वेळ त्या फोनमधल्या हाताकडे बघत उभी होती. ती हळूच म्हणाली, “तुमची हरकत नसेल तर मी हे मोठ्या पडद्यावर लावून दाखवू? म्हणजे ठरवायला सोपं जाईल.”

तिने काय केलं कोण जाणे, पण भिंतीवरचा एक धबधबा नाहीसा झाला आणि तिथे आई आली.

तो बघतच राहिला. घर सोडल्यापासून आई त्याला तळहातावर मावेल एवढीच दिसली होती. आता तिचा हात होता तेवढा समोर होता. मनगटावरची फुगलेली शीर, तर्जनीच्या टोकावर शिवणकामाने आलेला घट्टा, अंगठ्याजवळचा लहानपणी त्याच्याच धक्क्याने भाजलेला डाग. आईला काही पत्ता नव्हता. ती आपली सांगत होती, की शेजारीण पाय घसरून पडली, ताईची बदली टळली, बाबा गोळ्या घ्यायला विसरतात. दुकानात येणारी-जाणारी माणसं थांबली. कुणाला एक अक्षर कळत नव्हतं, तरी कुणी हलेना. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने तर डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. असे हात आपल्या आईचे आहेत, या विचाराने त्याचा ऊर भरून आला. भीती कुठे गेली नव्हती. पण या हातांना पुन्हा तळहाताएवढं करणं आता त्याच्याच्याने होणार नव्हतं.

“हा द्या,” तो मुलीला म्हणाला. “मोठा.”

“झालं!” रंगारी कपाळावर हात मारून म्हणाला, आणि मग निमूटपणे खोकं उचलायला वाकला.

पुढच्या सुट्टीला खोलीची उलथापालथ झाली. रंगाऱ्याने स्वतःची खाट दाराशी सरकवली, भिंतीला टेबल लावलं, वायरींच्या गुंत्यात शिरून मनसोक्त शिव्या घातल्या आणि कॅमेरा फळीवर चढवून दिला. मग “मी जरा बाहेर जाऊन येतो” असं म्हणून चपला अडकवल्या. दारातून वळून म्हणाला, “खरं सांगून टाक रे. काय खाणार आहे का तुला?”

पडद्यावर आई उजळली. मागे अख्खी खोली दिसत होती, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. आईने आज चांगलं पातळ नेसलं होतं. हा खुर्चीत ताठ बसला होता, उजवा हात टेबलाखाली मांडीवर.

“आई, दिसतोय ना?” त्याने डाव्या हाताने विचारलं.

“अर्धा,” आई म्हणाली. “हात वर घे.”

“कुठला?”

“बोलायचा.”

आता धरायला फोन नव्हता. सांगायला काही सबबही नव्हती. त्याने डोळे मिटले आणि हात टेबलावर ठेवला. मग डोळे उघडले तेव्हा आई पुढे झुकली होती. ती रडत नव्हती. शिवायला आलेल्या कापडाची वीण बघावी तशी ती हाताकडे बघत होती, खूप वेळ. त्यालाच हुंदका आला.

“दुखतं?” तिने विचारलं.

त्याने मान हलवली. नाही.

मग आई बोलायला लागली, आणि त्याला आधी काही कळेचना. खुणा ओळखीच्या होत्या आणि नव्हत्याही. हनुवटीला तिने अंगठा लावला. काळजी! ताईसाठी तर्जनी आणि मधलं बोट चिकटवलं. तिची उजवी करंगळी आणि शेजारचं बोट तळहातात घट्ट दुमडलेली होती, आणि उरलेल्या तीन बोटांनी ती सगळं बोलत होती. जेवण, पाऊस, पगार, परत ये. जिथे ती दोन बोटं लागायची तिथे तिने दुसरी खूण घडवली होती. एकही शब्द सोडला नव्हता. अख्खी भाषा तिने उसवली होती आणि पोराच्या मापाने पुन्हा शिवली होती.

त्याने विचारलं, “तुला कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी. बोलायच्या हाताने कुणी फोन धरतं का? आणि मी पाठवलेला सदरा घालताना तू फोन टेकवून बटणं लावलीस. तेव्हा कुठली बोटं गेली ते दिसलं.”

“मग विचारलं का नाहीस?”

“तू सांगशील म्हणून थांबले. तू सांगेनास, मग हे करत बसले.” तिने दोन्ही हात वर धरले. “फोनवर शिकवता येईना. शिकवायला दोन्हीकडे दोन्ही हात मोकळे लागतात. आता लाव अंगठा हनुवटीला. असा नाही, वर.”

म्हणजे आपल्याला पकडायला ती मोठा संगणक मागत नव्हती! इतके दिवस तो ज्या चौकशीला घाबरत होता ती शाळा निघाली. त्याने अंगठा लावला. बोटं गेल्यापासून उजव्या हाताने म्हटलेला हा त्याचा पहिला शब्द. आईने चूक काढली, पुन्हा म्हणायला लावलं. लहानपणी लावायची तसंच, न कंटाळता.

तेवढ्यात आईच्या पाठीमागे स्वयंपाकघराच्या दारात बाबा आले. कॅमेऱ्याला आपण दिसतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. पायजमा, बनियन, खांद्यावर पंचा. आईला मागचं ऐकू यायचं नाही, पण पडद्याच्या कोपऱ्यातल्या लहान चौकटीत तिला स्वतःची खोली दिसत होती. बाबांनी हात वर करून विचारलं, “चहा टाकू का?”

पडदा मोठा होता म्हणून त्याला दिसलं. बाबांची बोटं म्हातारी, आखडलेली. ती काही आपणहून दुमडून राहत नसावीत. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट त्यांनी तळहाताशी दुमडून रबर बँडने बांधून टाकलं होतं.

आईने मागे न बघता खांद्यावरून हात उंचावला, तीन बोटांनी म्हणाली, “टाका.”

किती सहज. रोजचंच असल्यासारखं. त्याच्या पाठीमागे, त्याला न सांगता, ते घर कधीपासून असंच बोलत होतं.

त्याने उजवा हात कॅमेऱ्यासमोर चांगला वर धरला आणि म्हटलं, “बाबा, माझाही टाका.”

बाबा दचकले. पडद्याकडे बघून त्यांनी बांधलेला हात चटकन पाठीमागे लपवला. मग जरा वेळाने, चोरी पकडलेल्या पोरासारखे हसत, त्यांनी तो बाहेर काढला, “टाकतो” म्हणाले आणि आत गेले.