तिसरा ठिपका

मित्रांनो, आचऱ्यात गुरुदासच्या दुकानात टेबलावर डब्याएवढा एक ठोकळा बसलेला असतो, तो मी. एक जुना स्पॉट वेल्डर. बॅटरीच्या सेलवर निकेलची पट्टी जोडणं हे माझं काम. पूर्वजन्मी मी शेजारच्या कुस्तोदियोच्या मायक्रोवेव्हमध्ये पाव गरम करत होतो. तो बंद पडला, तेव्हा गुरुदासने आतला ट्रान्सफॉर्मर काढला, त्यावर जाड वायर गुंडाळली, तांब्याच्या दोन सुया लावल्या आणि खाली पेडल बसवलं. पेडल दाबलं की मी ‘टक्’ करतो आणि पट्टीवर दोन ठिपके उठतात.

होड्यांचे दिवे, किनाऱ्यावर जाळं ओढणाऱ्या रापणकरांच्या बॅटऱ्या, सगळ्यांचे जोड मीच मारले. गुरुदासची एक शिस्त होती. प्रत्येक जोड तो पकडीने ओढून बघायचा. पट्टी फाटली तरी चालेल, जोड सुटता कामा नये. एकदाच तो चुकला.

आमच्याकडे तीन-चार वर्षांनी गावपळण असते. देवाचा कौल झाला की माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या सगळी शिवेबाहेर जाऊन राहतात. तीन दिवस गाव रिकामं. त्या दिवसांत गाव वहाणा घालून शीव फिरणाऱ्या राखणदार देवाचं, आपलं नव्हे. गुरुदासची आई काशीबाई दमेकरी. शिवेबाहेर झोपडीत वीज कुठली? तिच्या वाफेच्या मशीनसाठी तो बॅटरी बांधत होता. शेवटचे चार जोड ओढायचे राहिले आणि नौबत वाजली.

“चल रे, गाव रिकामो होवक होयो,” काशीबाई दारातून म्हणाली.

“रवांदे, चारच जोड ते. टिकतले,” असं पुटपुटत त्याने माझा प्लग काढला, मेन स्विच बंद केला आणि बॅटरी घेऊन गेला. मला फार वाईट वाटलं. पण यंत्राचं कोण ऐकतं?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी अंगणात झिजलेल्या वहाणा फरफटत आल्या. कावळासुद्धा ओरडत नव्हता. कडी न वाजता दार उघडलं. गुरुदासचं स्टूल कुणाच्या तरी वजनाने करकरलं. विडीचा वास आला. माझं पेडल हळूच खाली गेलं. वीज नव्हती, मित्रांनो, सुयांखाली बॅटरीही नव्हती, तरी माझ्या सुया तापल्या. टक्. टक्. टक्. टक्. मग वहाणा आल्या तशा निघून गेल्या. मी भीतीने गारठलो होतो.

गाव परत भरलं, तेव्हा गुरुदास ती बॅटरी घेऊन कुस्तोदियोला सांगत बसला.

“दुसऱ्या दिसा दुपारी मशीन बंद पडला. आवशीचो दम वर चढलो. खोलून बघलंय तर तेच चार जोड सुटलेले. मी गावात धावत होतंय, तर आवशीन हात धरून ठेवल्यान. बोलाक येय नाय, तरी मान हलवून नको म्हणा होती.”

“मगे रे?”

“मगे मशीन आपसूक सुरू झाला.”

गुरुदासने पकडीने पट्टी ओढली. पट्टी फाटली, जोड सुटला नाही. दोघांनी भिंगातून पाहिलं. त्या चारही जोडांवर तीन-तीन ठिपके होते. माझ्या सुया दोनच आहेत. कुस्तोदियोने छातीवर क्रूस काढला आणि चहा न घेताच उठला.

मित्रांनो, घाईत केलेलं काम एकदा ओढून बघत जा. त्याच्यावर कुणाचा तरी श्वास अवलंबून असतो, आणि सावरायला दर वेळी कोणी येईलच असं नाही.

तीन वर्षं उलटली आणि काल पुन्हा गावपळण लागली. या खेपेला गुरुदासने सगळे जोड ओढून बघितले, माझा प्लग काढला, स्टूल पुसलं आणि त्याच्याखाली कोऱ्या वहाणांचा जोड ठेवला. काशीबाईने त्यावर दोन विड्या ठेवल्या आणि हात जोडले.

आज दुसरी दुपार आहे. गावात कोणी नाही. स्टुलाखाली वहाणाही नाहीत. अंगणात मात्र कोणीतरी फेऱ्या घालतंय, आणि नव्या वहाणा फार करकरतात.