बाराव्या चौकटीतली पिवळी बस

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे, वाहनांचा. दुकानातला गुळगुळीत छापील नव्हे हं! कवठे महांकाळजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत गुणमालाबाईंनी मला मांजरपाटाच्या कापडावर हातानं रंगवलं. बारा चौकटी आखल्या. बैलगाडी, सायकल, ट्रॅक्टर, एसटी, पार विमानापर्यंत अकरा चित्रं काढली आणि प्रत्येकाखाली इंग्रजी नाव लिहिलं. बारावी चौकट रिकामीच राहिली. माझी बैलगाडी जरा तिरकी आहे, पण बैल बघाल तर अस्सल खिलार!

बाई मला वर्गात कोंडून ठेवत नसत. रोज सकाळी रस्त्याकडेच्या लिंबाला टांगत. रस्त्यानं गाडी आली, की तिचं इंग्रजी नाव ओरडत पळायचं आणि माझ्यावरच्या चित्राला सगळ्यांत आधी हात लावायचा, असा खेळ होता. "ट्रॅक्टर!" "बुलक कार्ट!" काय तो गलका! हात लावून लावून पोरांनी माझा ट्रॅक्टर पुसट केला. दर दिवाळीच्या सुट्टीत बाई तो पुन्हा रंगवत. माझी कोण मिजास होती तेव्हा!

संयोगिता सगळ्यांत चपळ. तिचे आजोबा नाथाजी फौजेत ड्रायव्हर होते. कट्ट्यावर बसून ते पोरांना सांगत, "इमान आन् आगगाडी सोडली तर ह्यातलं समदं चालवलंय म्या!"

एके दिवशी रस्त्यानं नवीच पिवळी गाडी आली. पोरं पळत आली आणि माझ्यासमोर गोंधळून उभी राहिली. हात लावायचा कुठं?

"बाई, ही बी काढा की!"

बाईंनी हौसेनं रिकाम्या चौकटीत ती काढली. खाली लिहिलं, स्कूल बस. आपण पुरे झालो म्हणून मीही वेडा खूश झालो.

ती तालुक्यातल्या इंग्रजी शाळेची बस होती. जूनमध्ये नऊ पोरं तिच्यात बसून गेली. पुढच्या जूनमध्ये अकरा. पोरांना इंग्रजी यायला पाहिजे, असं आईबाप म्हणत. अहो, मग मी काय मोडी शिकवत होतो? तिसऱ्या वर्षी पटावर एकटी संयोगिता उरली. नाथाजी हटून बसले होते, "एक पोरगी हाय तवर शाळा बंद हुत न्हाई. माझी नात हितंच शिकंल."

बाई तरीही मला लिंबाला टांगत. ट्रॅक्टर आला. संयोगिता ओरडत पळाली, हात लावला आणि मागं वळून बघितलं. मागं कुणीच नव्हतं. ट्रक आला तेव्हा ती नुसती चालत आली. रिक्षा आली तेव्हा जागची उठलीच नाही.

"बाई, रोज मीच जिंकणार की," एवढंच म्हणाली. मला वाटलं, फाटून जावं.

त्या संध्याकाळी बाई नाथाजींना म्हणाल्या, "आण्णा, तिला त्या बसनं धाडा."

"आवं बाई, मग शाळंला कुलूप लागंल! आन् हे तुमी सांगताय?"

"मीच सांगतेय. शाळेपायी पोरीला एकटी नका ठेवू."

फौजी माणूस, पण टॉवेलात तोंड खुपसून रडला. बाई रडल्या नाहीत. त्यांनी मला गुंडाळलं, सुतळी बांधली आणि मांडीवर घेऊन अंधार पडेस्तोवर बसल्या.

आता शाळेला कुलूप आहे. बाईंची बदली झाली. जाताना त्या मला नाथाजींकडे सोपवून गेल्या. नाथाजी मला रोज सकाळी लिंबाला टांगतात. सुरुवातीला संयोगिता बसच्या खिडकीतून माझ्यावरची नावं ओरडायची. आता काचेआड ती मैत्रिणींशी हसताना दिसते. बाईंना हेच हवं होतं, म्हणून मी तक्रार करत नाही. पण बस गेली, की नाथाजी काठी टेकत उठतात, बाराव्या चौकटीवर हात ठेवतात आणि हळूच म्हणतात, "स्कूल बस."

मित्रांनो, या रस्त्यानं कधी आलात आणि लिंबाला विटका तक्ता दिसला, तर गाडीत बसल्या बसल्या आपल्या गाडीचं नाव मोठ्यानं ओरडा. थांबू नका हवं तर. हात लावायला नाथाजी आहेत, पण एकट्यानं हा खेळ होत नाही.