राखणीची माणसं

देवासचं सगळंच जोडीनं. गाव एक आणि राजे दोन. रस्त्याच्या या कडेचा हलवाई थोरल्या पातीचा, समोरचा तांबोळी धाकट्या पातीचा, आणि मधून जाणारं गाढव कुणाच्या हद्दीत ओरडलं हे ठरवायला दोन कचेऱ्या. राजधानीत जे, तेच खेड्यांत. आंबापुऱ्याची जहागीर थोरल्या पातीकडे, खजुरियाची धाकट्या पातीकडे, आणि दोहोंच्या मध्ये पुरुषभर गवताचं एक कुरण. ते नक्की कुणाचं हे कुणालाच सांगता येत नसे, म्हणून ते आपलंच असं दोघेही सांगत.

या कुरणापायी दोन पिढ्या डोकी फुटली. शेवटी वडीलधाऱ्यांनी तोडगा काढला की आंबापुऱ्याची मुलगी खजुरियाच्या घरात द्यावी, म्हणजे काठी उचलताना हात जरा अडखळेल. ती मुलगी सगुणाबाई. इतरांचे तह कागदावर होतात. हा तह हिरवा शालू नेसून बोहल्यावर चढला. आई लवकर गेल्यामुळे धाकट्या भावाला, मानसिंगला, तिनंच न्हाऊमाखू घातलं होतं. पाठवणीच्या वेळी तो तिच्या मेण्याचा दांडा सोडीना, तेव्हा नव्या नवऱ्यानं, प्रतापरावांनीच त्याला उचलून आपल्या घोड्यावर बसवलं आणि वेशीपर्यंत फिरवून आणलं. तेव्हापासून मेहुण्या-मेहुण्यांचं चांगलं जमलं, आणि हे खोटं नव्हे.

दसऱ्याला दोन्ही गावं सीमोल्लंघनाला कुरणातल्या शमीपाशी येत. आता सोनं आधी कुणी कुणाला द्यायचं? देणारा धाकटा ठरतो, आणि धाकटं व्हायला कुणाची तयारी? त्यावरही वडीलधाऱ्यांनी युक्ती काढली होती. सगुणाबाईंनी आपट्याची पानं पदरात घेऊन झाडाखाली उभं राहायचं आणि दोघांनी एकाच वेळी त्या पदरातून पानं उचलायची. म्हणजे दिलं कुणी नाही, घेतलं दोघांनी. त्याच क्षणी आंबापुऱ्याच्या गढीवरून उखळी तोफेचा बार उडे आणि माणसं आपट्याच्या झाडांवर तुटून पडत. एवढ्या एका पदरावर कितीतरी दसरे निभावले.

मग प्रतापरावांनी बंदुका घेतल्या. कारण साधं होतं, बिबट्या वासरं उचलत होता. पण बिबट्या मेला तरी बंदुका राहिल्या, आणि मानसिंगरावांना गढीच्या सज्जातून पलीकडे पाहताना बिबट्या दिसेना, बंदुका दिसू लागल्या. त्यांनी हाटपिपल्याकडचे एक जहागीरदार तुकोजीराव यांना जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर दोघांनी बेलभंडार उचलला, म्हणजे बेलाचं पान आणि खंडोबाची हळद हातावर घेऊन शपथ वाहिली की तुमच्यावर चालून आला तो आमच्यावर आला. बेलभंडार उचलून फिरलेला माणूस आमच्या लोकांत मेल्याहून मेलेला. कागद फाडता येतो, हळद फाडता येत नाही.

सगुणाबाई भाऊबीजेला माहेरी गेल्या तेव्हा ओवाळून झाल्यावर त्यांनी विषय काढला.

"मानसिंग, राखण कुणापासून करतोस?"

"कुणापासून नाही, अक्का. असावी म्हणून आहे."

"तिकडं तुझे मेहुणे राहतात."

"म्हणूनच तर म्हणतो, त्यांना भ्यायचं काही कारण नाही."

घरी येऊन पाहतात तो प्रतापरावांचा घोडा धार संस्थानात गेलेला. धरमपुरीच्या अलीकडे त्यांच्या नात्यातले गणोजीराव म्हणून गृहस्थ होते, नर्मदाकाठचे, दांडगे आणि शब्दाचे पक्के. त्यांच्याशी बेलभंडार करून प्रतापराव परत आले ते हलके होऊन. सगुणाबाईंनी त्यांनाही तेच विचारलं आणि त्यांनीही तेच सांगितलं, जणू दोघांना एकाच पंतोजीनं शिकवलं होतं. मग मानसिंगरावांनी आणखी एक घर जोडलं. मग प्रतापरावांनी दत्ताजीराव नावाचे एक जहागीरदार जोडले. दत्ताजीरावांचं तुकोजीरावांशी जुनं वाकडं होतं, म्हणजे पोट दुखणार एकाचं आणि ओवा मागणार भलताच. ज्या माणसांनी ते कुरण डोळ्यांनीसुद्धा पाहिलं नव्हतं ती आता त्याच्यासाठी जीव द्यायला बांधली गेली होती. सगुणाबाईंची गत अडकित्त्यातल्या सुपारीसारखी झाली. रात्री डोळा लागला की दोन चुडे फुटल्याचा आवाज येई, एक आपला आणि एक वहिनीचा, जानकीबाईंचा, आणि त्या दचकून उठत.

अशात विलायतेकडे लढाई पेटली. खजुरियाच्या शाळेतले मास्तर तात्या पुण्याचं वर्तमानपत्र घेऊन सदरेवर येत आणि वाचून दाखवत. कुठल्याशा युवराजाला कुणी गोळी घातली, म्हणून एक बादशहा शेजाऱ्यावर उठला. शेजाऱ्याचा कैवार घेणारा एक होता, तो उठला. त्याच्याविरुद्ध शपथ घेतलेला उठला, मग त्याच्याविरुद्धचा. बेल्जम नावाच्या एका देशाचा तर कुणाशीच तंटा नव्हता, केवळ वाटेत पडत होता, म्हणून तुडवला गेला. आता आपलं सरकारही त्यात उतरलं आणि माळव्यातली पोरंही जहाजात बसणार होती.

प्रतापराव मांडीवर थाप मारून हसले. म्हणाले, इतक्या राजांत एकाच्याही घरी शहाणं माणूस नव्हतं म्हणायचं. सदरेवरचे सगळे हसले. तात्याही हसले, पगार तिथूनच मिळत होता. दाराच्या पडद्याआड सगुणाबाई बसल्या होत्या. त्यांना हसू आलं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला माणूस समुद्रापार जातो, आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ सदरेवरच्या बैठकीत मांडी घालून बसलेलं असतं.

त्यांनी दोन्ही घरी शब्द टाकला की औंदा दसऱ्याला दोघांनी हत्यारावाचून यावं. नवऱ्याचे पाय धरले. भावाला निरोपात आईची शपथ घातली. दोघांनी मान्य केलं, आणि मनापासून केलं. पण दसऱ्याला बेलभंडाराचे पाहुणे तर बोलावलेले होते. खंडेनवमीला शस्त्रं पुजून, फुलं वाहून, लांबून घोडी दौडवत आलेल्या माणसाला दसऱ्याच्याच दिवशी तलवार खुंटीला टांग असं सांगायचं कसं? तो अपमान झाला असता. म्हणून मानसिंगरावांनी आपल्या पाहुण्यांना सांगितलं, तुम्ही गवतात मागे राहा, गरज पडणार नाही. प्रतापरावांनीही आपल्या पाहुण्यांना तेच सांगितलं. पुढे इंग्रजांच्या एजन्सीच्या साहेबांनी चौकशी केली तेव्हा दोन्हीकडच्यांनी शपथेवर सांगितलं की ही सगळी तजवीज निव्वळ राखणीपुरती होती. त्यात कुणी खोटं बोललं नाही.

दसऱ्याला दुपार कलल्यावर सगुणाबाई पदरात पानं घेऊन शमीखाली उभ्या राहिल्या. इकडून प्रतापराव आले, तिकडून मानसिंगराव. दोघांच्या कमरा मोकळ्या होत्या. सगुणाबाईंना इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. मानसिंगराव जवळ आले आणि हलकेच म्हणाले, "बघा अक्का, उगीच जिवाला घोर लावून घेतलात." प्रतापरावही हसले. दोघांनी एकदमच हात पुढे केले.

आणि गढीवरून उखळीचा बार उडाला. दरवर्षी उडायचा तसाच. दोन्ही गावांना तो इतका ठाऊक होता की तो कुणाला सांगून ठेवायचा असतो हे कुणाच्या मनातच आलं नाही. आपल्या घरची गोष्ट परक्याला नवी असते हे घरच्यांना कुठे आठवतं? नर्मदाकाठी बार उडे तो खंडेनवमीला सकाळी, शस्त्रपूजेला. सोनं लुटताना तिकडे नुसता गुलाल. गवतात दबून बसलेल्या गणोजीरावांना एवढंच कळलं की पलीकडून तोफ सुटली आणि आपला माणूस उघड्यावर उभा आहे. शपथेला जागून त्यांनी बंदूक उचलली.

मानसिंगरावांचा हात पदरातच राहिला. पदर फाटला आणि ते बहिणीच्या पायांवर आडवे झाले. गणोजीरावांनी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. पुढे नाव विचारून घ्यावं लागलं. मग गवतातून दोन्हीकडची माणसं उठली आणि तुकोजीराव-दत्ताजीरावांनी आपलं जुनं वाकडं तिथेच उरकून घेतलं. प्रतापराव दोन्ही हात वर करून थांबा थांबा म्हणून ओरडत होते. त्यांच्याच बाजूची दोन माणसं त्यांना वाचवायचं म्हणून उचलून घेऊन गेली, आणि आणखी दोघांनी सगुणाबाईंना ओढून नेलं. भावाचं डोकं मांडीवर घ्यायलाही सवड मिळाली नाही.

त्या रात्री प्रतापराव लहान मुलासारखे रडले. मी नाही मारलं, मी त्याला घोड्यावर बसवला होता, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. हे सगळं खरं होतं. रडून झाल्यावर त्यांनी तोंड धुतलं आणि आणखी दोन जहागिऱ्यांकडे स्वार रवाना केले, कारण आता आंबापुरा सूड घेणारच. पलीकडूनही मशाली घेतलेले स्वार निघाले होते.

सकाळी सगुणाबाई नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. मला त्याचं तोंड एकदा पाहू द्या, दुसरं काही मागत नाही, असं त्या म्हणाल्या. प्रतापराव नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणण्याइतके ते वाईट नव्हते. त्यांनी ताबडतोब मेणा सांगितला, आणि मेण्याबरोबर बंदुकवाली माणसं उभी केली.

"मी एकटी जाते. माझं माहेर आहे ते."

"माहेर काल होतं. तुला ओलीस धरली तर मला सगळं गाव घेऊन यावं लागेल. एकटी मी पाठवणार नाही."

आंबापुऱ्याहून न्हावी निरोप घेऊन आला. वेशीबाहेर अडवून मगच त्याला आत सोडला होता. तो सगुणाबाईंचं जावळ काढलेल्या न्हाव्याचा मुलगा. जानकीबाईंचा निरोप त्यानं मान खाली घालून सांगितला, "बाईसाब, एकली आवो तो आवो. फौज लई ने आवो तो वां भी बंदूकां तैयार हे." तिरडी बांधून झाली आहे, वाट पाहताहेत, असंही म्हणाला.

सगुणाबाईंनी मेण्याकडे पाहिलं, त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं. त्यातली बरीचशी त्यांना ओळखीची नव्हती. या माणसांसह कुरण ओलांडलं तर तिरडीपाशी पुन्हा गोळ्या सुटतील, वहिनीच्या दारात आणखी मुडदे पडतील. त्यांच्याशिवाय कुरण ओलांडू देणार नाहीत. आपण गेलो नाही तर निदान आजचा दिवस कुणी मरणार नाही, एवढा एकच हिशेब त्यांच्या हाती उरला होता. लहानपणी ज्याचं नाक पुसलं, ज्याला मांडीवर घेऊन भरवलं, त्याचं तोंड मेल्यावर न पाहणं ही त्याची किंमत होती.

"मेणा परत न्या," त्या म्हणाल्या. "मी जात नाही."

प्रतापरावांचा चेहरा निवळला. बायको अखेर आपल्या बाजूची झाली असं त्यांना वाटलं. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर सदरेवर जाऊन पाहुण्यांना तसं सांगितलं. पाहुण्यांनी तिच्या पातिव्रत्याची वाखाणणी केली. पलीकडे न्हाव्यानं जाऊन सांगितलं की बाईसाब येत नाहीत. जानकीबाईंनी फुटक्या बांगड्यांच्या हातानं प्रेताच्या पायाला हात लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या की सख्खी बहीण तोंड पाहायला आली नाही, तेव्हा आता खजुरियातल्या कुणाचीही गय करायची नाही. तिकडच्या पाहुण्यांनी तिथल्या तिथे पुन्हा बेलभंडार उचलला.

उन्हं वर आली तशी कुरणापलीकडे धूर दिसू लागला. सगुणाबाई ओसरीच्या कडेला येऊन खांबाला धरून उभ्या राहिल्या. पायरीवर एक तरणा शिलेदार बंदूक घेऊन बसला होता. पहाटेच कुठूनसा आला होता, घोड्याचा घाम अजून वाळला नव्हता. त्यानं अदबीनं उठून मुजरा केला.

"बाईसाहेब, आत व्हा. बाहेर धोका आहे." मग धुराकडे बघून त्यानं सहज विचारलं, "तिकडं कोण वारलं?"