आईची बाजू
लासेमच्या बातिकवाल्या बायका कापड दोन्ही अंगांनी रेखतात. एकीने पुढून मेणाच्या रेघा ओढायच्या, मग दुसरीने कापड उलटून त्याच रेघांवर मागून मेण चढवायचं. नाहीतर रंग मागून घुसतो आणि पाखराचं डबकं होतं. कासमिना पुढून, तुमिरा मागून, अशा एकतीस वर्षं दोघी एकाच कढईपाशी बसल्या. भांडल्या किती, त्याला सुमार नाही.

मग तुमिरा गेली. तिच्या लेकीच्या, वेनिंगच्या लग्नाचं कापड तेव्हा घोडीवर, म्हणजे कापड टांगायच्या लाकडी चौकटीवर होतं. पुढची बाजू पुरी, मागची जेमतेम वीतभर. जाताना तुमिरा एवढंच म्हणाली होती, "पोरीला बाजारचं छापील नेसू देऊ नकोस." कासमिनाने हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं? पाच महिने झाले, वीतभराची दीड वीत झाली नव्हती.

रोज सकाळी ती चूल पेटवी, मेण वितळवी, मेणाच्या लेखणीची नळी फुंकून साफ करी आणि आपल्या पाटावर बसून राही. हात म्हणून उठत नसे. मेण करपल्याचा वास आला की चूल विझवून घरी.

वेनिंग तिला बुलिक म्हणे, म्हणजे मावशीच. तिने उपाय सांगितला. "बुलिक, अख्खं कापड बघूच नकोस. रोज एक फूल. झालं की कॅलेंडरवर फुली मार आणि स्वतःला काहीतरी गोड दे."

कासमिनाने तेही करून पाहिलं. आधी खाऊ, म्हणजे जोर येईल, असं म्हणून तळलेली केळी संपवली. फूल राहिलं अर्धं. कॅलेंडर कोरं ते कोरंच.

शेवटी वेनिंगच एक पुडकं घेऊन आली. "रंगाऱ्यालाच पंधरा दिवस लागतात. मी छापील आणलंय. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"आणि तुझी आई?"

"आईला आता काय कळणारे?"

"तिला सगळं कळायचं. तीच तर कटकट होती."

वेनिंग हसली नाही. पोरगी चिडली असती तर बरं झालं असतं, ही तर समजूत घालत होती. कासमिनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वेनिंग गेल्यावर तिने छापील कापड उलटून पाहिलं. मागून पांढरंफटक. लग्नाला छत्तीस दिवस होते.

तिने घोडी उचलली आणि खिडकीपाशी, तुमिराच्या पाटासमोर नेली. पाच महिने त्या पाटावर बसायचा धीर तिला झाला नव्हता. आपल्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसून मागची बाजू रेखू बघत होती शहाणी. पुढच्या रेघा मागून दिसायला उजेड नको का?

खिडकीतला उजेड कापडातून आला आणि तिला आपलीच पुढची बाजू दिसली. इथे पाखराला डोळा नाही, तिथे वेल मध्येच तुटलेली. तुमिराच्या त्या वीतभरात मात्र अशी प्रत्येक जागा मागून गुपचूप भरून काढलेली. आपल्याइतका सफाईदार हात अख्ख्या गल्लीत नाही, हे कासमिना एकतीस वर्षं सांगत आली होती. तुमिराने तिच्या कालवणातलं मीठ काढलं, तिचा नवरा काढला, घोरणं काढलं. हे एक कधी काढलं नाही.

"एकदा तरी बोलायचंस गं," कासमिना म्हणाली आणि पोटभर रडली. मग मेण करपायला लागलं म्हणून डोळे पुसून तिने लेखणी बुडवली.

त्यानंतर रोज हुरूप आला असं नाही. कित्येक दिवस नुसतं खिडकीपाशी बसणंच झालं. पण त्या पाटावर बसलं की चुकलेला डोळा दिसायचा, आणि दिसल्यावर भरल्याशिवाय उठवत नसे. विसाव्या दिवशी कापड रंगाऱ्याकडे गेलं.

लग्नात वेनिंग ते नेसून तिच्यासमोर आली. "बुलिक, यात आईचं किती?"

वीतभर, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"आतली बाजू सगळी तिची," कासमिना म्हणाली. "अंगाला लागते ना, ती."

वेनिंगने काठ उलटून पाहिला आणि कितीतरी वेळ तसाच हातात धरून ठेवला. कासमिना मागच्या रांगेत जाऊन बसली. आपण केवढी थाप मारली हे जिला सांगून हसावं असं एकच माणूस होतं, आणि नेमकं तेच मांडवात नव्हतं.