साडेपाचशे वॅटचा हट्ट

दुकानदार माझ्या लेकीच्या वयाचा, आणि मला वीज शिकवत होता! एकतीस वर्षं मी वायरमनचं काम केलं. गुडघ्याच्या ऑपरेशननं ते सुटलं, नाहीतर अजूनही शिडीवर दिसलो असतो. माझ्या हातचा एक पॉइंट कधी जळला नाही. आणि हा मला सांगतोय, "काका, साडेसातशे वॅटच्या खाली जाऊ नका."

आम्ही कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेलो होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी लेक ठमी. बांधायच्या आधीच इमारत कशी दिसेल, त्याच्या फिल्मा ती बनवते. एका मोठ्या स्टुडिओनं तिला नोकरी द्यायच्या आधी परीक्षा ठेवली होती. दवाखान्याच्या इमारतीची दोन मिनिटांची फिल्म, शुक्रवारी दुपारी बाराच्या आत. बारा वाजून एक मिनिट झालं की विषय संपला. जुन्या कार्डावर ते होणं शक्यच नव्हतं, म्हणून नवं कार्ड. नव्याला वीज जास्त लागते, म्हणून मशीनला वीज पुरवणारा सप्लायही नवा. तो किती वॅटचा घ्यायचा, हे तिनं मला विचारलं होतं. मला!

मी हिशोब केला. कार्ड तीनशे, प्रोसेसर दीडशे, पंखे-बिंखे धरून साठ. पाचशे दहा.

"आता ऐक," मी दुकानदाराला म्हटलं. "घरात गिझर असतो, इस्त्री असते, मिक्सर, ओव्हन असतो. सगळ्यांची बेरीज करून मी मेन केबल टाकली असती, तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. सगळं एकदम कुणी लावतं का? बेरजेचा दोन तृतीयांश धरायचा. झाले साडेतीनशे. तू साडेपाचशेचा दे, तीसुद्धा चैनच आहे."

"काका, घराची गोष्ट वेगळी..."

"का? वीज तीच ना?"

त्यानं ठमीकडं पाहिलं. ठमीनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "बाबा म्हणतात तोच द्या." माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू?

रविवारी दुपारी सप्लाय मीच बसवला. मशीन सुरू झालं, फिल्मचं काम चालू झालं, आणि मी काठी टेकत खाली गेलो. शिंपी, वाणी, सायकलवाला, जो भेटेल त्याला दुकानदाराची कशी जिरवली ते तिखटमीठ लावून सांगून आलो. बायको म्हणाली, "अहो, पुरे झालं. लढाई जिंकून आल्यासारखं काय करताय?"

गुरुवारी सकाळी ठमीला चहा द्यायला तिच्या खोलीत गेलो. तिचा चेहरा उतरलेला.

"किती झालं?"

"सत्तर टक्के."

"संपणार कधी?"

"होईल."

"अगं, पण कधी?"

"उद्या रात्रीपर्यंत," ती हळूच म्हणाली.

मी पडद्याकडं पाहिलं. कोपऱ्यात कार्डाच्या पॉवरचा आकडा होता, पन्नास टक्के. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण लोड कळतो.

"हे पन्नास का? शंभर कर."

"नको बाबा."

"कर म्हणतो ना!"

तिनं केलं. पंखे घोंगावले. दहा सेकंदही झाली नसतील, खट्कन सगळं काळं झालं.

मी खाली बसलो. आता डोक्यात प्रकाश पडला. फिल्म तयार होताना त्या डब्यात सगळं एकदम चालतं, पूर्ण ताकदीनं, तासन्‌तास. मधूनच कार्ड हिसका मारून आणखी वीज ओढतं. गिझर, इस्त्री, मिक्सर, ओव्हन, सगळं एकाच वेळी! आणि मी शहाणा दोन तृतीयांश धरून मोकळा.

"कधीपासून होतंय हे?"

"रविवारपासूनच. तुम्ही खाली गेला होतात तेव्हा दोनदा बंद पडलं. पन्नासवर ठेवलं की टिकतं."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"मला बोलली होती," दारातून तिची आई म्हणाली. "तुम्हाला सांगू नको म्हणाली."

मी दोघींवर एवढा भडकलो की कप टेबलावर आपटला. मग चपला घातल्या आणि दुकान गाठलं. आत तीन-चार गिऱ्हाइकं होती. असू देत. सगळ्यांसमोर म्हणालो, "तुझं बरोबर होतं. माझा हिशोब चुकला. साडेसातशेचा दे." जीभ जड झाली होती. दुकानदार हसला नाही, हे त्याचे उपकार. "काका, कार्डाला दोन वेगळ्या केबल जोडा, एकीलाच फाटे फोडू नका," एवढंच म्हणाला. मी मुकाट्यानं मान हलवली.

अकराच्या आत नवा सप्लाय बसवला. ठमीनं आकडा शंभरवर नेला. दहा सेकंद गेली, मिनिट गेलं, मी श्वास रोखून उभा. मशीन चालूच राहिलं. आधी झालेली चित्रं शाबूत होती, तिथूनच पुढं काम सुरू झालं.

शुक्रवारी बाराला वीस मिनिटं कमी असताना फिल्म गेली. नोकरी देणं न देणं त्यांच्या हातात, पण फिल्म वेळेत पोचली.

तेव्हा मी तिच्या शेजारी बसलो. राग कधीच उतरला होता. "का नाही सांगितलंस गं?"

ती म्हणाली, "आठ महिने तुम्ही नुसते खिडकीत बसून होतात, बाबा. कुणाचा फोन नाही, काही नाही. त्या दिवशी दुकानात तुम्ही पहिल्यासारखे भांडत होतात. तुमचा तो आवाज बंद करायचं माझ्या जिवावर आलं."

"गाढवे, नोकरी गेली असती ना!"

"गेली असती."

मला रडू फुटलं. लपवायला जागाही नव्हती, खोली केवढीशी. नाक पुसत म्हणालो, "पुढच्या वेळी सरळ तोंडावर सांगायचं, बाबा, तुम्ही चुकलात."

"बाबा, तुम्ही चुकलात."

"आत्ता नाही गं, पुढच्या वेळी."

"सवय करतेय," ती म्हणाली आणि तिनं माझा हात धरला.