दोराचं शेवटचं टोक

अरे, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. आमचा परशुराम त्या दिवशी सकाळी सहालाच चाकांच्या खुर्चीत तयार! बायकोला, तुळसाला म्हणतो कसा, "त्यो दोन फळ्यो घे. रापणीक जातलंय."

"येड लागला काय? रेवेत चाकां रुततली!"

"म्हणान तर फळ्यो."

पाच वर्षांपूर्वी माडावरून पडला, कमरेखालचं सगळं गेलं. त्याआधी रापणीत हा सगळ्यांत पुढे. जाळं किनाऱ्याला ओढताना दोराला हात लावेल त्याला माशांचा वाटा, ही आपली रीत. पण तो पडला तरी त्याचा वाटा रोज दारात यायचा. तुळसा कालवण करायची आणि हा सोलकढीभात खायचा. "हात लावल्याबिगर माका वाटो नको!"

तर तुळसा एक फळी पुढे टाकते, खुर्ची त्यावर, मागची उचलून परत पुढे. शंभर पावलांना अर्धा तास! मधेच हा दोन्ही हातांवर अंग उचलून धरतो. बसून जखम झाली तर त्याला कळतही नाही ना. गेल्या पावसात तशाच जखमेपायी दीड महिना पालथा पडून होता.

किनाऱ्यावर पोचल्यावर रापणीतला निलेश म्हणाला, "परशुदादा, तू दोर गुंडाळ. बसान होता तां."

"गुंडाळूक पोरां आसत. माका ओढूचो आसा."

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी निलेशच्या मागे जागा दिली, चाकांपुढे दगड लावले. हा जीव खाऊन ओढतोय, घामाने नुसता निथळतोय! आणि मधेच थबकला. निलेशच्या पाठीमागे दोर लोंबत होता रे. सगळा ताण निलेशने आपल्या कमरेवर घेतलेला. पंधरा वर्षं दोर ओढलेल्या माणसाला ते कळणार नाही?

तरी दोर सोडला नाही. शेवटपर्यंत "हय्या" म्हणत राहिला.

बांगडे मिळाले. निलेशने टोपली त्याच्या मांडीवर ठेवली, "घे दादा, हक्काचो वाटो!" तुळसाच्या डोळ्यांत पाणीच.

पूर्वी रापणीवरून आला की तळहात सोललेले असायचे, ती खोबरेल लावायची. त्या दुपारी न मागता वाटी घेऊन आली. "बघूया हात. खूप सोलपाटले?"

त्याने तळहाताकडे बघितलं. दोराचा एक वळ नव्हता. मूठ मिटली.

"आग होता गो. हात नको लावू."

ती वाटी धरून उभीच. आत तव्यावर बांगडे चुरचुरत होते.

तू सांग, तू असतास तर मूठ उघडली असतीस?